काच फुटू द्या
म्हसवडला आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. काचेची दारं, पितळी कुलूप. आत बहिर्गोल भिंग, प्रिझम, परीक्षानळ्या. पाच वर्षं मी ते सगळं बाहेरूनच पाहिलं. प्रयोगवही मात्र दरवर्षी पूर्ण व्हायची, कारण निरीक्षण आणि अनुमान सर फळ्यावरच लिहून द्यायचे.

भिंग पहिल्यांदा हातात आलं ते अण्णांच्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीत. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग सहज रस्त्याकडे धरलं, तर मागच्या पावतीपुस्तकावर इवलासा रस्ता उतरला. उलटा. समोरचं लिंबाचं झाड शेंड्यावर उभं. अण्णांनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवून पाहिलं. म्हणाले, "आयला, वीस वर्षं डोळ्याला लावतोय, असं कधी बघितलंच न्हाई."

साताऱ्याला बीएस्सी, मग बीएड. 2003 ला मुंबई. लालबागला गावकीच्या खोलीत अंथरुणापुरती जागा, खाणावळीचा डबा, शिक्षणसेवकाची तीन वर्षं. हजारो जण असेच आलेत.

रुजू झालो त्या शाळेतही तेच कपाट, तसंच कुलूप. चावी मागितली तर एका ज्येष्ठ बाईंनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, पुढे सरकवलं. "सर, यातलं काही फुटलं तर तुमच्या नावावर लागेल." तेव्हा लख्ख कळलं, की आमचे म्हसवडचे सर कामचुकार नव्हते. ते घाबरत होते. इतकी वर्षं मनात त्यांच्यावर राग धरला, याचं आजही वाईट वाटतं.

पण ही भीती शिक्षकाच्या माथी का? दहावीला प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत. मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी ते मुलाच्या हाताला नाही, वहीच्या अक्षराला मिळतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून याच शहरात आहे, आता मानखुर्दला, आणि याच शहरातली मुलं भिंगाची आकृती पाठ करून दहावी होतात. मुलं हाताळणार म्हणजे काचा फुटणारच. ती फुटतूट धरूनच शाळेला पैसे द्या, शिक्षकाला खुलासा मागू नका.

आमची शाळा रुळांना लागून आहे. 'भिंगे' शिकवताना मी एकच खिडकी उघडी ठेवतो. 20 सेंमी नाभीय अंतराचं भिंग, मागे कोरा कागद. मागच्या वर्षी एक मुलगी ओरडली, "सर, गाडी चर्चगेटला चाललीय आणि कागदावर विरारला जातेय!" प्रतिमा नुसती खाली डोकं वर पाय नसते, डावं-उजवंही फिरतं, हे तिने माझ्याआधी वर्गाला सांगितलं.

त्याच गडबडीत एकाच्या हातून भिंग निसटलं. दोन तुकडे. पोरगं रडवेलं झालं. मी म्हटलं, कडेला हात न लावता मोठा तुकडा धर बरं खिडकीसमोर. वर्गाला वाटलं आता अर्धीच गाडी दिसणार.

अख्खी आली. फक्त जरा अंधूक. ती का आली, यावर पुढचे दोन तास गेले.