माझी ट्रान्सफर केस

"मेस्त्री, माझ्या ट्रान्सफर केसचं कुठवर आलं?" हे वाक्य सरकारी कार्यालयात मोठ्यानं बोलू नये. मी बोललो. तेही मे महिन्यात, बदल्यांच्या ऐन हंगामात. पलीकडून मेस्त्री म्हणाले, "उघडलीया. आत लई खाल्लंय ओ." आणि फोन स्पीकरवर होता.

खुलासा करतो. माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे, फोर बाय फोर. घर ते ऑफिस साडेतीन किलोमीटर, त्यात दुर्गम म्हणावा असा एकच स्पीडब्रेकर. तरी घेतली, कारण तिच्यात गिअरचा धरून तीन दांडे होते. महायुद्धातल्या जीपला असायचे तसेच. त्या जीपा १९४१ ते १९४५ मध्ये सहा लाखांवर बनल्या आणि त्यांनी युद्ध जिंकून दिलं असं म्हणतात. मी आठ वर्षांत त्या दोन जादा दांड्यांना फक्त पिशव्या अडकवल्या. बायकोचं म्हणणं, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग तिला दिसलेला नाही.

त्या दांड्यांच्या खाली, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून जो लोखंडी डबा असतो तो ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद वाटून मागच्या चाकांना द्यायची की पुढच्यांनाही, हे तिथं ठरतं. एका दांड्यानं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं 'लो' टाकायचा. लोमध्ये जोर साधारण अडीचपट होतो आणि वेग त्याच हिशेबानं उतरतो. माझ्या जीपला हँडब्रेकही याच डब्याच्या मागं आहे. डबा गळायला लागला की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर. त्यामुळं गेली दोन वर्षं मी चढावर थांबलो की हँडब्रेक ओढतो, मग उतरून चाकामागं दगड लावतो. सीटखाली दोन दगड कायम असतात. एक माझा आवडता आहे.

तर, गगनबावड्याच्या पुढं एका वाडीत लग्न होतं. दुपारी वळीव असा कोसळला की मांडवापासून डांबरीपर्यंतची वाट म्हणजे नुसती पिठल्याची कढई. पाव्हण्यांच्या मोटारसायकली जागच्या जागी रुतल्या. आठ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. मी पिशव्या काढल्या, दोन्ही दांडे टाकले आणि जीप घुरघुरत निघाली. नवरदेवाकडं कुणी बघत नव्हतं. डांबरीवर आल्यावर दांडे काढायचे असतात. पण मागं लोक अजून बघत होते, म्हणून मी आणखी दोन-चार वळणं तसाच ऐटीत गेलो. मग काढायला गेलो तर दांडा हलेना.

वळणावर पुढची चाकं मोठ्या फेऱ्यानं जातात, मागची आतून. माझ्या जीपमध्ये हा डबा दोन्हींना एकत्र जखडतो. चिखलात चाकं जरा घसरून आपसात हिशेब मिटवतात. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग पीळ चढत जातो आणि आतले दात एकमेकांना असे धरून बसतात की भाऊबंदकी परवडली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त वीसच्या वेगानं कोल्हापूरकडं निघालो होतो. वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली मला ओलांडून गेली. ट्रॉलीतल्या एका म्हातारीनं "ये मागनं सावकाश" म्हणून हात केला.

असळजला चहाच्या टपरीवरून मेस्त्रींना फोन लावला.

"डांबरीवर लोमध्ये कशाला गेलासा?"

"राहिलं काढायचं."

"रिव्हर्स घ्या सरळ. पीळ सुटंल."

पंधरा-वीस फूट उलटा गेलो. 'खटाक्' झालं, दांडा लोण्यासारखा सुटला. पण तिथून पुढं डब्यातून दळण दळल्यासारखा आवाज यायला लागला, आणि घरी पोचेतो हँडब्रेकला नव्यानं आंघोळ झाली होती.

उद्यमनगरात मेस्त्रींनी डबा उतरवला. मधला शाफ्ट हातात घेऊन त्यांनी माझं बोट त्यावरून फिरवलं. जिथं निडल बेरिंग फिरतात तिथं खाचा पडल्या होत्या, नखाला लागतील अशा. शाफ्ट नवा, निडल नव्या, सील सगळी नवी. गिअरबॉक्समधलं तेलही मधलं सील सोडून इकडं उतरलं होतं. म्हणजे आत तेलाचीच ट्रान्सफर झाली होती, तीही विनाअर्ज.

जोडताना मी मुद्दाम थांबलो. या निडल सुट्या असतात, सुईच्या तुकड्यांसारख्या. मेस्त्रींनी गिअरच्या भोकात ग्रीस थापलं आणि एकेक निडल करंगळीनं चिकटवत गेले, वांग्यात मसाला भरावा तशा नाजूकपणे. शेवटी एकीची जागा रिकामी राहिली. मेस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी पोराकडं पाहिलं. पोरानं स्वतःच्या चपलेचा तळ पाहिला. तिथं ती होती, ग्रीसमध्ये रुतून. त्यानंतर मला दुकानाबाहेर बसवण्यात आलं.

इकडं ऑफिसात मात्र स्पीकरवरच्या त्या एका फोननं काम केलं होतं. पंख्याखालची माझी जागा कुणाला मिळणार यावर दोन तट पडले. शिपायानं चहा देताना विचारलं, "साहेब, कुठं टाकलं?" मी म्हणालो, "उद्यमनगरात." तो म्हणाला, "जवळच आहे की, नशीबवान आहात." शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब जेवणाच्या सुट्टीत खुर्ची ओढून जवळ बसले.

"किती सांगितलेत?"

"अठरा. सामान धरून."

"हजार?" त्यांचा घास हातातच राहिला. "आणि काम होतं?"

"हातातला माणूस आहे. आधी पैसे घेत नाही."

त्यांनी हळूच नंबर मागितला. मला वाटलं, त्यांच्या मेव्हण्याची जीप असेल. दिला.

शनिवारी गाडी आणायला गेलो. दांडे दोन बोटांनी पडत होते. हँडब्रेक ओढला तर जीप खरोखर जागेवर उभी राहिली. मी सवयीनं दगड घेऊन उतरलोच होतो. मेस्त्री हात पुसत आले.

"तुमच्या हापिसातल्या भाऊसायबांचा फोन आल्ता. चंदगडास्नं कोल्हापूर आणायची म्हणत्यात. बारा वर्सं एकाच जाग्याला अडकलीया. मी म्हटलं, मग सगळं जाम झालं आसंल, वडूनच आणाय लागंल. तर मला इचारत्यात, वडणारा माणूस वरचा हाय का?"

"मग?"

"म्हटलं, माणूस कशाला, क्रेन हाय की. लई खूश झाले. सोमवारी अ‍ॅडव्हान्स घिऊन येत्यात." मेस्त्री जरा घुटमळले. "आवो, पण गाडी कुठली हाय त्यांची? इचारलं तर म्हणाले, मराठी शाळा."