पीसीवर चालतो म्हणे!

ठाण्यात गोखले रोडला स्वस्तातला गेम कंट्रोलर मागा, एकच उत्तर मिळतं: "घ्या ना दादा, पीसीवर चालतो." अहो, पण कसा? कंट्रोलरची बटणं गेमला कळवायच्या विंडोजमध्ये दोन पद्धती: मग ह्यात एक्सइनपुट आहे की नुसतं जुनं डायरेक्टइनपुट? एक्सइनपुट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलच्या वेळी, २००५ मध्ये आलं. आज पीसीवरचे बहुतेक गेम तेच धरून चालतात. तरी खोक्यावर त्याचा उल्लेख नाही!

अंगठ्याने फिरवायच्या स्टिकचं तेच. आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती कलली ते मोजणारा भाग, झिजतो आणि बोट न लावता गेममधला माणूस आपोआप चालू लागतो. हॉल इफेक्ट स्टिक चुंबकावर चालते, तिच्यात ही झीज नाही, आणि आता ती फक्त महागड्या मॉडेलांत मिळते असंही नाही. मग दुकानात का ठेवत नाहीत?

पण खरा संताप डी-पॅडचा, म्हणजे दिशा देणाऱ्या त्या अधिक चिन्हासारख्या बटणाचा. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सुपर निन्टेन्डोच्या जमान्यातले गेम खेळायचे तर सगळा भार त्याच्यावर. उजवीकडे दाबावं तर तिरकं लागतं, उडी थेट खड्ड्यात! रंगीत दिवे मात्र चारी बाजूंनी. नकोत ते दिवे. त्या पैशांत धड डी-पॅड बसवा, आणि विकण्याआधी लॅपटॉपला जोडून दाखवा.