जोकोविचला बाद ठरवण्यात रेफरींचं काही चुकलं नव्हतं

2020च्या यूएस ओपनमधली टेनिसपटू जोकोविचची ती क्लिप आजही फिरत असते आणि तिच्यासोबतचा मजकूरही ठरलेला असतो: "त्याने मुद्दाम मारलं नव्हतं. पहिलीच चूक होती, नियमाप्रमाणे आधी ताकीद द्यायला हवी होती. दुसरा कुणी लाडका खेळाडू असता तर सोडून दिला असता." यातला पहिला दावा खरा असला तरी त्याने निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि उरलेले दोन दावे चुकीचेच आहेत.

आधी घडलं काय ते पाहू. 6 सप्टेंबरला चौथ्या फेरीत जोकोविच पाब्लो कारेन्यो बुस्टाविरुद्ध खेळत होता. पहिल्या सेटमध्ये 5-4 असताना सेट जिंकण्याच्या तीन संधी (सेट पॉइंट) हातच्या गेल्या, मग स्वतःच्या सर्व्हिसचा गेमही गेला आणि तो 5-6 असा मागे पडला. त्या चिडीत त्याने मागे न बघता चेंडू मारला. तो थेट लाइन अंपायर (रेषेवरच्या पंच) असलेल्या बाईंच्या गळ्यावर बसला आणि त्या खाली कोसळल्या. रेफरींनी जोकोविचला बाद ठरवलं, म्हणजे स्पर्धेतूनच बाहेर काढलं.

मुद्दाम मारलं नव्हतं, हे खरंच आहे. स्पर्धेचे रेफरी, म्हणजे मुख्य पंच, सोरेन फ्रीमेल यांनीही ते मान्य केलं होतं. पण ग्रँड स्लॅमच्या (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या) नियमपुस्तकात चेंडूच्या गैरवापराचे तीन प्रकार दिले आहेत: जाणूनबुजून चेंडू कोर्टाबाहेर भिरकावणं, कोर्टात धोकादायक किंवा बेपर्वाईने मारणं आणि परिणामांची फिकीर न करता मारणं. हेतूची अट फक्त पहिल्याला आहे. उरलेले दोन लिहिलेत तेच मुळी 'मला कुणाला लागावं असं वाटत नव्हतं' म्हणणाऱ्यांसाठी. रेफरी खेळाडूच्या मनात शिरू शकत नाही. चेंडू किती जोरात गेला, रागात गेला का आणि कुणाला किती लागलं, एवढंच त्याला दिसतं.

आता "आधी ताकीद" या मुद्द्याकडे येऊ. ताकीद, मग एक पॉइंट, मग एक गेम ही चढती शिक्षा नियमांत आहे. त्याच नियमांत असंही आहे की एकाच गंभीर प्रकारासाठी रेफरी थेट बाद करू शकतो. क्लिप फिरवणारे हे कलम दरवेळी गाळतात, आणि सगळा युक्तिवाद त्या गाळण्यावरच उभा आहे.

लाडक्यांना सोडतात म्हणावं, तर 1995 साली विम्बल्डनमध्ये ब्रिटनच्या टिम हेन्मनने दुहेरीच्या सामन्यात रागाने मारलेला चेंडू एका बॉल गर्लला लागला आणि त्याच्याच देशातल्या स्पर्धेतून त्याला बाहेर काढलं गेलं. फेब्रुवारी 2017मध्ये ओटावात, घरच्या प्रेक्षकांसमोर, डेव्हिस कप या देशांच्या संघांमधल्या स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात कॅनडाच्या डेनिस शापोवालोव्हचा चेंडू चेअर अंपायर (सामन्याचे पंच) आर्नो गाबास यांच्या डोळ्यावर बसला. शापोवालोव्ह 17 वर्षांचा होता, हेतू अर्थातच नव्हता. तरी त्याला बाद केलं आणि कॅनडा ती लढत हरला. जोकोविचला लावलेला निकष काही नवा नव्हता.

जोकोविचचा चेंडू लागलेल्या त्या बाई नाटक करत होत्या, असंही लिहिलं जातं. याचा मला सर्वांत जास्त राग येतो. दुसऱ्याच दिवशी खुद्द जोकोविचने चाहत्यांना सांगितलं होतं की त्यांची काहीही चूक नाही, त्यांना आधार द्या.

रेफरींच्या निर्णयांवर टीका करायला जागा आहे, पण ती 2023च्या फ्रेंच ओपनमध्ये. जपानच्या मियू काटोने दुहेरीच्या सामन्यात दोन पॉइंटच्या मधल्या वेळेत पलीकडे पाठवलेला चेंडू बॉल गर्लच्या मानेवर लागला. त्यात राग नव्हता. अंपायरने आधी फक्त ताकीद दिली. मुलगी रडते आहे याकडे प्रतिस्पर्धी जोडीने लक्ष वेधलं, रेफरी आले आणि काटो व तिची जोडीदार आल्दिला सुत्जियादी थेट बाद झाल्या. दुहेरीतली बक्षिसाची रक्कम आणि क्रमवारीचे गुणही काटोने गमावले. इथे कृतीपेक्षा परिणामालाच सगळं वजन दिलं गेलं, आणि ते मला पटत नाही. चेंडू वीतभर बाजूने गेला असता तर कुणी दखलही घेतली नसती.

म्हणून माझं म्हणणं असं की रेफरीने पहिला प्रश्न जोराचा आणि रागाचा विचारावा, दुखापतीचा त्यानंतर. ही कसोटी लावली तर काटोचं प्रकरण ताकिदीवरच मिटतं. जोकोविच मात्र तरीही बादच ठरतो.