‘ख्रिस्ती धर्म तलवारीने पसरला’ या प्रतिक्रियेला उत्तर

ख्रिस्ती धर्म इतक्या संस्कृतींत रुजला तो भाषांतरामुळे, असं मी लेखात मांडलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, पण उत्तर घाईत द्यायचं नव्हतं. तुमचं म्हणणं असं की हा धर्म इतक्या संस्कृतींत पोचला तो राजसत्तेच्या आणि वसाहतींच्या जोरावर, आणि मी भाषांतराचं गोड कारण पुढे करून रक्ताचा इतिहास झाकला.

रक्ताबद्दल मी फार त्रोटक लिहिलं, हे मान्य. ७८२ मध्ये आजच्या जर्मनीतल्या व्हेर्डेनला फ्रँकांचा राजा शार्लमेन याने एका दिवसात सॅक्सन जमातीच्या ४,५०० जणांची मुंडकी उडवली, अशी नोंद फ्रँक दरबाराच्याच बखरींत आहे. पुढे त्याने केलेल्या कायद्यात बाप्तिस्मा टाळणाऱ्या सॅक्सनाला मृत्युदंड होता. हे लेखात यायलाच हवं होतं.

पण मग कोरियाचं काय? तिथे मिशनऱ्यांच्या आधी पुस्तकं पोचली. चीनहून आलेले ग्रंथ काही कोरियन विद्वानांनी वाचले, त्यावर आपसांत वाद घातले, आणि १७८४ मध्ये त्यांच्यातला यी सुंग-हून बीजिंगमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतला. त्यांना पहिला धर्मगुरू मिळाला तो दहा वर्षांनी, आणि तोही चिनी होता. राजसत्ता पूर्ण विरोधात होती. १८०१ मध्ये अनेकांना देहदंड झाला. तरी धर्म टिकला. आणि इथेही भाषेचा प्रश्न आहेच: तिथले पंडित चिनी लिपीत लिहीत, आणि हंगुल ही कोरियाची स्वतःची लिपी बायकांची आणि अडाण्यांची म्हणून हिणवली जाई. धर्मशिक्षणाचं पुस्तक नेमकं त्या हिणवलेल्या लिपीत लिहिलं गेलं.

भाषांतराचा मुद्दा मी सोडत नाही तो यासाठी. येशू बोलला अरेमिकमध्ये, त्याचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे त्याचे शब्द पहिल्यापासूनच अनुवादित. इ. स. ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये पहिल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या बैठकीत ठरलं की परजातीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सुंतेची सक्ती नाही. ग्रीक माणसाला ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहुदी व्हावं लागणार नव्हतं. पुढचा सारा प्रसार मला या एका निर्णयाच्या पोटात दिसतो. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या भिक्षूने आर्मेनियन लिपी घडवली, तीही बायबल लोकांच्या भाषेत आणता यावं म्हणून.

माझ्या मांडणीला छेद देणारं एक उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, ते मीच देतो. पश्चिम आशियातल्या सिरियाक भाषेच्या ख्रिस्ती परंपरेतला अलोपेन हा भिक्षू ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोचला. ग्रंथ चिनीत आले, बौद्ध आणि ताओ परंपरेतले शब्दही घेतले. तरी ८४५ मध्ये सम्राटाने परकीय धर्मांवर घाला घातला आणि हा पंथ तिथून जवळजवळ पुसला गेला. मला वाटतं, ग्रंथ चिनीत आले तरी धर्म परदेशी भिक्षूंच्याच हातात राहिला. तेव्हा नुसतं भाषांतर पुरत नाही, एवढी दुरुस्ती मी लेखात करणार आहे.

वसाहतींसाठी तुम्ही बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोचा दाखला दिलात. तिथे १९२१ मध्ये सिमोन किंबांगू हा स्थानिक ख्रिस्ती उपदेशक काही महिने प्रवचनं देत फिरला, आणि माणसं कामधंदा सोडून त्याच्याकडे लोटली. बेल्जियन सरकारने त्याला पकडून आधी फाशीची, मग जन्मठेपेची शिक्षा दिली. तीस वर्षं तुरुंगात काढून १९५१ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या नावाच्या चर्चमध्ये आज लाखो माणसं आहेत, आणि ती तिथे बेल्जियमच्या धाकाने आलेली नाहीत.