हिटलर मेला, एवढे तरी मान्य करा

लग्नाची पंगत असो की रेल्वेतला रात्रीचा प्रवास, दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एखादे तरी गृहस्थ पुढे सरकून, आवाज खाली आणून, ‘तुम्हाला खरे ठाऊक नाही, हिटलर मेलाच नव्हता, तो पाणबुडीतून अर्जेंटिनाला पळाला’ असे सांगतातच, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. एखाद्याला इतिहास माहीत नसेल तर माझी काही तक्रार नाही. पण ‘सरकारे सांगतील त्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही’ ही जी मिजास त्या चेहऱ्यावर असते, ती मला सहन होत नाही. कारण ज्याला हे गृहस्थ दडपलेले सत्य म्हणतात, ती कंडी मुळात एका सरकारनेच पिकवलेली आहे, आणि ते सरकार स्टालिनचे होते.

३० एप्रिल १९४५ रोजी दुपारी बर्लिनच्या चॅन्सेलरीखालील (हिटलरच्या सरकारी कचेरीखालील) बंकरमध्ये हिटलरने स्वतःवर गोळी झाडली, आदल्याच दिवशी त्याच्याशी लग्न केलेल्या इव्हा ब्राउनने सायनाइड घेतले, आणि हाइन्स लिंगे हा खासगी नोकर, ओट्टो ग्युन्शे हा सहायक व इतर काहींनी दोन्ही प्रेते बागेत नेऊन पेट्रोल ओतून पेटवली. रशियन सैन्याला काही दिवसांतच हे अवशेष सापडले. त्यातले जबड्याचे तुकडे आणि दात एका छोट्या डबीत घालून येलेना रझेव्स्काया या दुभाषी तरुणीच्या हाती देण्यात आले, आणि सगळे सैन्य विजयाचा जल्लोष करत असताना ती बिचारी ती डबी सांभाळत बसली होती. हिटलरचे स्वतःचे दात मोजकेच उरले होते, बाकी सारे सोन्याचे ब्रिज, म्हणजे पडलेल्या दातांच्या जागी बसवलेले कृत्रिम दात. ते ब्रिज त्याच्या दंतवैद्याची सहायक केटे हॉयझरमान आणि तंत्रज्ञ फ्रिट्झ एश्टमान या दोघांनी मे महिन्यातच ओळखले.

म्हणजे स्टालिनला ठाऊक होते. तरीही ९ जून रोजी रशियन सेनापती मार्शल झुकॉव्ह यांनी पत्रकारांना सांगितले की प्रेताची ओळख पटलेली नाही, हिटलर विमानाने निसटलाही असेल. आणि हे सांगणाऱ्या झुकॉव्हनाच दातांचा शोध कळू दिलेला नव्हता. जुलैमध्ये पॉट्सडॅमला, विजेत्या राष्ट्रांच्या परिषदेत, खुद्द स्टालिनने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांच्याजवळ स्पेनचे आणि अर्जेंटिनाचे नाव घेतले. हॉयझरमानबाईंना मॉस्कोला नेऊन जवळजवळ दहा वर्षे कैदेत ठेवले. हिटलरच्या दातांवरील उपचारांत मदत करून त्यांनी युद्ध लांबवायला हातभार लावला, असा त्यांच्यावर आरोप होता! आमचे शंकेखोर गृहस्थ या बाईंचे नावही कधी घेत नाहीत.

मग पाणबुडी येते. यू-५३० आणि यू-९७७ या दोन जर्मन पाणबुड्या जुलै आणि ऑगस्ट १९४५ मध्ये अर्जेंटिनाच्या मार देल प्लाताला शरण आल्या, हे खरे. पण शरण आलेल्या पाणबुड्यांच्या खलाशांची कसून चौकशी झाली आणि त्यातून हिटलर काही निघाला नाही, हे सांगायला कुणी थांबत नाही. आइखमान आणि मेंगेले हे नाझी गुन्हेगार अर्जेंटिनात सापडतात मग हिटलर का नाही, असा पुढचा प्रश्न असतो. ते दोघे युद्धानंतर काही वर्षे लपून, खोट्या नावाच्या कागदपत्रांवर साध्या प्रवासी जहाजाने गेले होते, आणि १९६० मध्ये आइखमान पकडलाही गेला. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या फायलींचेही तसेच: लोकांनी कळवलेल्या अफवा दप्तरी दाखल झाल्या, एवढ्यावरून ‘अमेरिकेने कबूल केले’ असे ठोकून देतात.

सर्वांत संताप आणते ती कवटी. मॉस्कोत हिटलरच्या कवटीचा म्हणून जपलेला तुकडा एका स्त्रीचा असावा, असे २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासणीतून पुढे आले आणि या मंडळींना जणू दिवाळीच गवसली. हा तुकडा १९४६ मध्ये वेगळा सापडला होता. १९४५ ची ओळख त्याच्यावर मुळीच अवलंबून नव्हती, ती दातांवर होती. १९४४ मध्ये काढलेल्या हिटलरच्या एक्स-रेंशी त्या दातांचा मेळ १९७३ मध्ये घालून दाखवण्यात आला, आणि फ्रेंच तज्ज्ञांनी मॉस्कोत प्रत्यक्ष दात तपासून ते त्याचेच असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. पण या बातम्या सांगायला कुणी आवाज खाली आणत नाही.

‘मग थडगे कुठे आहे?’ असे विचारतात. केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने १९७० मध्ये पूर्व जर्मनीतल्या माग्देबुर्गला पुरलेले अवशेष उकरून जाळले आणि राख नदीत सोडली, तिथे भक्तांची जत्रा भरू नये म्हणून. हे सांगितले की ‘दात बदलता येतात’ असे उत्तर मिळते. दात बनावट होते तर ते ओळखणाऱ्या बाईला दहा वर्षे डांबून कशासाठी ठेवले, असे मी विचारतो, आणि त्यावर आजवर एकानेही तोंड उघडलेले नाही. गृहस्थ घोटभर पाणी पितात आणि चंद्रावरच्या झेंड्याकडे वळतात.