सहा मिलिमीटर कमी

पेपरक्राफ्टचं सामान करणाऱ्या कंपन्या, म्हणजे पारदर्शक शिक्के, कागद कापायचे डाय, छापील कागदांची पॅडं वगैरे विकणाऱ्या, अधूनमधून ‘डिझाइन टीम’साठी अर्ज मागवतात. निवड झाली की नवा माल दुकानात यायच्या आधी आपल्या घरी फुकट येतो. त्याच्या बदल्यात दर महिन्याला दोन-चार वस्तू करायच्या, फोटो काढायचे, कृती लिहायची आणि ठरलेल्या तारखेला सगळं त्यांच्या हवाली करायचं. मुदत सहा महिने किंवा वर्ष. पैसे? बहुतेक ठिकाणी नाहीत. ‘मानधन’ या शब्दातलं धन गाळून घेतलं की जे उरतं, ते मिळतं. तरी अर्ज भरायला आमची झुंबड उडते. आमच्यात याला नुसतं ‘डीटी’ म्हणतात. बाहेर हा शब्द वापरू नये. लोकांना ‘डीटीपी’ ऐकू येतं आणि ते शंभर लग्नपत्रिकांचा दर विचारतात.

फॉर्म दिसायला गरीब असतो. नाव, देश, आपलं काम कुठे बघता येईल ते दुवे, तीन ते पाच फोटो आणि शेवटी एक खोचक प्रश्न: ‘तुमची शैली थोडक्यात सांगा.’ इथे निम्मे लोक ‘क्लीन अँड सिंपल’ लिहून मोकळे होतात. ही या क्षेत्रातली मान्यताप्राप्त शैली आहे: पांढरं कार्ड, एक फूल, खाली एक ओळ, बाकी सगळी मोकळी जागा. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? यात एवढंच की लपायला जागा नाही. भरगच्च कार्डात शिक्का तिरका पडला तर त्यावर फीत येते, शाईचा डाग पडला तर तिथे तीन मणी बसतात. साध्या कार्डावर कोपऱ्यातला अंगठ्याचा ठसा पंचनाम्यातल्यासारखा उठून दिसतो. तेव्हा ही शैली लिहिण्याआधी हात धुवावेत.

पण अर्जाचं खरं घोडं पेंड खातं ते कार्डाच्या मापात. या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या अमेरिकेतल्या. तिथला कागद लेटर साइझचा, साडेआठ बाय अकरा इंच. तो मधोमध कापला की साडेआठ बाय साडेपाचचे दोन तुकडे. प्रत्येकाला सव्वाचार इंचांवर क्रीज मारून (घडीसाठी रेघ दाबून) घडी घातली की सव्वाचार बाय साडेपाचचं कार्ड तयार. या मापाला तिकडे ‘ए२’ म्हणतात. आपल्याकडे दुकानात ए२ मागितलं तर चार ए४ मावतील एवढा ड्रॉइंगचा कागद गुंडाळी करून, रबरबँड लावून हातात मिळतो. तो घेऊन लोकलने घरी यायचं हा वेगळा विषय आहे.

आपल्याला सहज मिळतो तो ए४. त्याची रुंदी २१० मिलिमीटर, लेटरची २१६. सहा मिलिमीटर कमी. उंची साडेपाच इंचच कापली तरी घडी घातल्यावर कार्ड रुंदीला १०८ ऐवजी १०५ चं होतं. तीन मिलिमीटर म्हणजे काय, नखाची वाढ. पण आता त्यावर त्यांच्या मापाचा, चार बाय सव्वापाच इंचांचा वरचा थर चिकटवा. वरखाली सव्वातीन मिलिमीटरची कड सुटते आणि डाव्या-उजव्या बाजूला पावणेदोनची. ही तफावत कोणाला दिसणार, असं ज्याला वाटतं त्याने अर्ज करू नये. अर्ज तपासणारी व्यक्ती दिवसभर हेच बघत असते. भिंतीवरची तसबीर वाकडी असली तर पाहुण्याच्या घरी जाऊनही सरळ करणारी जी माणसं असतात, ती पुढे निवड समितीवर जात असावीत.

यावर उपाय ए३ चा. ए३ असतो २९७ बाय ४२०. कार्डाच्या तुकड्याची साडेआठ इंची बाजू २९७ च्या दिशेने ठेवायची, साडेपाचची ४२० च्या. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, त्याचे तीन तुकडे म्हणजे ४१९.१. एका कागदात तीन कार्डं, उरले ०.९ मिलिमीटर. या शिलकीवर कटर चालवताना श्वास रोखला तरी चालतो, पट्टी सरकलेली चालत नाही. बाजूला ८१ मिलिमीटरची पट्टी उरते, ती शुभेच्छांच्या ओळी कापायला ठेवायची. आमच्या घरांत अशा पट्ट्यांचे डबे असतात. पट्टी टाकून देणारा माणूस या क्षेत्रात फार काळ टिकलेला ऐकिवात नाही.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) हवा. दोनशेच्या खालचं कार्ड उभं केलं की थोड्या वेळाने शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलासारखं हळूहळू वाकतं. दुकानात, मग तो पुण्याचा आप्पा बळवंत चौक असो की मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट, नुसतं ‘जाड कार्डशीट’ म्हणालात तर चकचकीत आर्ट कार्ड पुढे येण्याचा संभव असतो. त्याच्यावर लेप असतो, पाण्याची शाई आत मुरत नाही, वरच तरंगत राहते आणि दुसऱ्या दिवशीही बाहीला लागते. ‘कोटिंग नसलेला, मॅट’ असं स्पष्ट मागावं. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद १९४० पासूनचा, देखणा, पण हातकागदाच्या पोतावर बारीक रेघांचा शिक्का सलग उठत नाही. तो पार्श्वभूमीला वापरावा, फुलाच्या मिशांना नको.

कागदाला ग्रेन (आतल्या तंतूंची दिशा) असतो, हे ज्या दिवशी कळतं त्या दिवशी जुनी सगळी फुटलेली कार्डं आठवतात. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघायचा. ज्या दिशेने तो सहज वळतो, घडी त्या रेषेला धरून घालायची. आडव्या ग्रेनवर घातली तर जाड कागद पाठीवर तडकतो, आणि गडद रंगाचा, आतून पांढरा कागद असेल तर घडीवर दातांसारखी पांढरी रेघ दिसते. क्रीज मारल्यावर जो उंचवटा येतो तो घडीच्या आत राहायला हवा. अनेकजण बरोबर उलटं करतात, आणि खरं सांगायचं तर उलटं केलेलंच जास्त नैसर्गिक वाटतं.

एवढं करून कार्ड झालं की त्याचा फोटो काढायचा असतो, आणि समिती कार्ड बघतच नाही, फोटो बघते. खिडकीजवळ, थेट ऊन नको, वरचा ट्यूबलाइट बंद. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावली मऊ होते. फोनला पांढरं बघवत नाही, तो पांढऱ्या कार्डाचं मळकट राखाडी करतो, म्हणून स्क्रीनवर कार्डाला बोट लावून उजेड थोडा चढवायचा. फोन कार्डाला समांतर धरायचा, नाहीतर चौकोनी कार्ड वरून अरुंद, खालून रुंद, सुपासारखं येतं. आणि बाल्कनीत बघायचं. दोरीवर लाल साडी वाळत असेल तर पांढरं कार्ड गुलाबी होतं, आणि तुम्ही अर्धा तास फोनच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसता.

मग पाठवणं. इथे कलेचा संबंध संपतो आणि कारकुनी सुरू होते, आणि जास्तीत जास्त माणसं इथेच गळतात असं माझं ठाम मत आहे. खातं खाजगी ठेवून त्याचाच दुवा देणं, हा पहिला नंबर. दुसऱ्या कंपनीला पाठवलेल्या अर्जाचा मजकूर उचलून कंपनीचं नाव बदलायला विसरणं, हा दुसरा. ‘तुमच्या फुलांच्या शिक्क्यांवर माझं पहिल्यापासून प्रेम’ हे फक्त रोबोट आणि केक यांचेच शिक्के करणाऱ्या कंपनीला जातं. तिसरं, फोटोतलं सामान तिसऱ्याच कंपनीचं. आणि मुदत. ‘३१ तारीख, मध्यरात्र, पॅसिफिक’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने. आपल्याकडे ते एक तारखेच्या दुपारी साडेबाराला संपतं, त्यांचा हिवाळा असेल तर दीडला. म्हणजे आपल्याला थोडी सवलतच मिळते. ती आपण रात्री जागून वाया घालवतो.

निवड झाली नाही तर काम वाईट होतं असं नाही. क्रिकेटच्या संघात चार यष्टिरक्षक घेत नाहीत. त्यांना एक मार्करने रंगवणारा, एक शाईचे ब्रश फिरवून आभाळ करणारा, एक स्क्रॅपबुकची पानं करणारा, एक व्हिडिओ करणारा, असा मेळ हवा असतो. मार्करवाल्याची जागा भरली असेल तर तुमच्या गुलाबाच्या सोळा छटा वाहून जातात. म्हणून पाच फोटोंत पाच गुलाब पाठवू नयेत. एक डबा, एक पिशवी, एक घडीचं कार्ड पाठवावं. आणि मागच्या तीन-चार महिन्यांत नियमित काही केलंय हे दिसावं. दिवाळीत चाळीस कंदील आणि नंतर शिमग्यापर्यंत शांतता, हा आपला सांस्कृतिक ताल त्यांना कळत नाही.

समजा, निवड झाली. अभिनंदनाचं पत्र आलं, पार्सल निघालं. फुकटच्या पार्सलला कस्टम लागतं हे इथे कळतं. डिसेंबर २०१९ मध्ये नियम आला: परदेशातून ‘भेट’ म्हणून टपालाने येणाऱ्या वस्तूंची सवलत बंद, अपवाद फक्त दोन, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबर पाठवलेली भेट धरलेली नाही, हेही त्यात नमूद आहे. नियम लिहिणाऱ्याला हस्तकलेबद्दल माया होती, पण मनगटापुरती. आमच्या शिक्क्यांवर पूर्ण शुल्क भरून मान सोडवून घ्यावा लागतो. देशी कंपनी असली तर कस्टम नाही, पण १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांच्या वरच्या अशा फुकट मालावर दहा टक्के करकपातीचा नियम आहे. पांढरं कार्ड आणि काळा पैसा यांची गाठ पडू नये, हा हेतू स्तुत्य आहे.

डबा उघडला की आत नाताळ असतो. बाहेर आषाढ. तिकडचा नाताळचा माल थंडी पडायच्या कितीतरी आधी दुकानात जातो, म्हणजे आपल्याला तो ऐन पावसात करून दाखवायचा. पहिलं काम हमखास ठरलेलं: काळ्या कार्डावर पांढरी चमकदार ओळ. हीट एम्बॉसिंग, म्हणजे ओल्या शिक्क्यावर पावडर टाकून ती वितळवायची आणि अक्षरं उठावदार करायची.

नवा पारदर्शक शिक्का आधी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासायचा. कारखान्यातून येताना त्यावर तुकतुकीत थर असतो, शाई त्यावर अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होते. मग कार्डावर अँटीस्टॅटिक पुरचुंडी (बारीक भुकटी भरलेली छोटी पिशवी) फिरवायची, म्हणजे पावडर नको तिथे चिकटत नाही. ती नसेल तर जुन्या मोज्यात टाल्कम पावडर भरून गाठ मारली तरी तेच काम होतं. चिकट पारदर्शक शाईने शिक्का मारायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर ओतायची, कागद उलटा करून मागून टिचकी मारायची, उरलेली पावडर डब्यात परत. हीट गन दुसरीकडे तोंड करून पंधरा-वीस सेकंद आधी तापवायची, थेट नेली तर वारा आधी येतो आणि पावडर उडते. मग दोनेक इंचांवरून धरायची. भुरभुरीत अक्षरं एकदम ओली होऊन चमकतात, तेवढ्यात पुढच्या अक्षरावर सरकायचं. कमी तापलं तर रवाळ राहतं. जास्त तापलं तर अक्षर कागदात बसतं आणि भोवती तेलकट कडा येते, भज्याखालच्या वर्तमानपत्रासारखी.

हे सगळं कोरड्या हवेत. आषाढात कागद दमट असतो. पावडर शाईला चिकटते तशी दमटपणालाही चिकटते, आणि काळ्या कार्डावर जिथेतिथे पांढरे ठिपके बसतात. यावर इलाज एकच: शिक्का मारायच्या आधी कोऱ्या कार्डावर हीट गन फिरवून ते वाळवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पुरचुंडी, मग शिक्का. राहिलेले ठिपके तापवण्याआधी कोरड्या बारीक ब्रशने एकेक झटकायचे. तापल्यावर ते जन्माचे. खोलीतला पंखा बंद असावा लागतो, त्यामुळे घाम कपाळावरून थेट कार्डाकडे निघतो, आणि तोही पावडरला चालतो.

इतकं करूनही काही ठिपके राहतातच. कार्ड पाठवलं की तिकडून उत्तर येतं की बर्फ फार सुंदर पडलाय, कशाने केला ते सामानाच्या यादीत लिहायचं राहिलं. त्या यादीत शिक्का, डाय, शाई, कागद, पावडर असे रकाने असतात. कोकणातला जुलै लिहायला एकही नसतो.