पावणेतीनचा घोळ

परवा लेकीच्या लसीसाठी डॉक्टरांकडे बसले होते, तेव्हा एका अनोळखी काकांनी माझं दुसरं बाळ जानेवारीत ठरवून टाकलं. वर्ष, महिना, सगळं. तारीख तेवढी माझ्यावर सोडली. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय. उतरला असता तर झोपले असते, कारण लेक आत्ता झोपलेली आहे.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. "पहिलीच का?" मी हो म्हटलं. "किती महिन्यांची?" सव्वा वर्षाची. "मग दुसऱ्याचं काय ठरलंय?" इथे मी कसनुसं हसते. हे हसू मला आता इतकं सवयीचं झालंय की लिफ्टमध्ये कुणी "कितवा मजला?" विचारलं तरी तोंडावर तेच येतं. बहुतेक लोक त्या हसण्यापाशी थांबतात. काका थांबले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सल्ला देत नाही मी," काका म्हणाले. (हे वाक्य ज्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं, त्यांनी पुढे फक्त सल्लाच दिला आहे.) "हिशेब सांगतो. ताई, तुमच्या मुलीचा जन्म कधीचा?"

"जानेवारीचा."

"वा!" काकांचा चेहरा असा उजळला की जणू मी हे त्यांच्या सोयीसाठी केलं होतं. "मग दुसरंही जानेवारीतच. अंतर पुरं दोन, नाहीतर पुरं तीन. अडीच अजिबात नको. अडीचनं माणसाची वाट लागते."

का, असं मी विचारायला नको होतं. पण आत एक मूल वजनकाट्यावर बसायला तयार नव्हतं, बाहेर आम्ही सगळे अडकलो होतो, आणि लेक माझ्या पर्सची चेन चघळण्यात रमली होती.

"कपडे," काका म्हणाले.

मग त्यांनी जे उलगडून सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. पहिलं मूल जानेवारीचं, म्हणजे तीन महिन्यांच्या मापाचे त्याचे कपडे एप्रिलचे, पातळ. नऊ महिन्यांच्या मापाचा स्वेटर ऑक्टोबरचा. आता दुसरं मूल जुलैत झालं, तर तीन महिन्यांचं होईल ऑक्टोबरात आणि अंगाला येणार पातळ झबली. नऊ महिन्यांचं होईल एप्रिलमध्ये, तेव्हा माप बसेल स्वेटरचं. "म्हणजे ऐन थंडीत उघडं आणि ऐन उन्हाळ्यात लोकरीत! सगळे कपडे पुन्हा घ्या! आणि कपडे वापरतात किती? दोन महिने!" काकांचा आवाज चढला. समोरच्या बाई फोनमधून डोकं काढून बघू लागल्या.

"पण काका, दोन मुलं सारखीच वाढतात असं कुठे असतं?"

"म्हणून तर डायरी ठेवायची." त्यांनी खिशाला हात लावला. देवाशपथ, मला वाटलं डायरी बाहेर येते. रुमाल आला.

"आणि पहिली मुलगी आहे, दुसरा मुलगा झाला तर?"

"टोपड्याला काय कळतं?"

हे उत्तर मला इतकं आवडलं की क्षणभर माणूसही आवडला. क्षणभरच. कारण मग त्यांनी बोटं काढली आणि मोठ्यानं उलटं मोजायला सुरुवात केली. "आता येत्या जानेवारीत दोन वर्षं पुरी होतात. म्हणजे नऊ महिने मागं. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." मला काय येतंय ते दिसू लागलं होतं. दोन आया, एक आजी, पाळण्यात झोपलेलं कुणाचं तरी तान्हं आणि औषधाच्या कंपनीचा टाय लावलेला एक मुलगा, सगळे ऐकत होते. "...जुलै, जून, मे, एप्रिल. एप्रिल!" काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एप्रिल चालू होता. "अरेच्चा! म्हणजे हाच महिना की हो ताई! आणि आज वीस तारीख!"

टाय लावलेल्या मुलानं बॅग उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. बराच वेळ त्याला ते सापडलं नाही.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. मी वाद घातला. मी सांगितलं की माझं सिझेरियन झालंय. सिझेरियननंतर दोन बाळंतपणांमध्ये अठरा-एकोणीस महिन्यांहून कमी अंतर असलं आणि पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर गर्भाशयावरचा जुना व्रण उसवण्याचा धोका वाढतो. माझ्या डॉक्टर मला म्हणाल्यात, घाई नको. वर जागतिक आरोग्य संघटनेचा हवालाही फेकला. २००५ साली जिनिव्हात त्यांच्या तज्ज्ञांची बैठक झाली होती. एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेसाठी किमान २४ महिने थांबावं, अशी शिफारस त्या बैठकीतून निघाली. अनोळखी माणसाला हे सगळं सांगायची मला काय गरज होती? काही नव्हती. पण "तुम्हाला काय करायचंय" असं म्हणणं उद्धटपणा ठरतो आणि स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांची माहिती चारचौघांत देणं ठरत नाही, अशा काहीतरी रीतीनं आपण सगळ्या वाढलेल्या असतो.

"बघा!" काका म्हणाले. "तेही दोनच वर्षं म्हणतायत!"

"काका, दोन वर्षं झाल्यावर दिवस राहायचे. बाळ त्यानंतर नऊ महिन्यांनी."

काकांची बोटं पुन्हा हलली. चेहरा पडला. "म्हणजे पावणेतीन? पावणेतीन म्हणजे... ऑक्टोबर?" ते काही क्षण गप्प बसले. जागतिक संघटनेला कपड्यांतलं काही कळत नाही, हे त्यांना फार लागलेलं दिसलं. "असं कसं ठरवतात हे लोक," ते पुटपुटले. "तीन महिने इकडे ढकलले असते तर..."

"तुमची किती?" मी विचारलं. कधीतरी हल्ला आपल्या बाजूनंही व्हायला हवा.

"तीन," काका पुन्हा फुलले. "बरोब्बर दोन-दोन वर्षांचं अंतर. तिघंही जानेवारीतले. आम्ही ठरवूनच केलं तसं."

आता त्यांच्या पलीकडे इतका वेळ एक काकू बसल्या होत्या, नातवाचा बूट हातात धरून. मला वाटलं होतं त्या त्यांच्याबरोबरच्या नाहीतच. त्या बुटाकडे बघतच म्हणाल्या, "मोठा अंगावर पीत होता ना, म्हणून मला वाटलेलं, काही होणार नाही. कळलं तेव्हा चौथा लागला होता."

काका भिंतीवरचा वजन-उंचीचा तक्ता वाचू लागले.

"आणि तिसरी?" मी विचारलं. सोडणार होते होय?

"तिची तारीख डिसेंबरातली होती. उशिरा झाली."

एवढं बोलून काकू नातवाच्या मागे गेल्या. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात दुसरा बूट घालायच्या खटपटीत होता.

काकूंचा तो समज फार जुना आहे आणि अर्धा खरा आहे, हीच त्यातली फसगत. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, फक्त अंगावरच पीत असेल, दिवसरात्र पीत असेल आणि आईची पाळी परत सुरू झाली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता खरंच शंभरात दोनहून कमी असते. या सगळ्या अटी एकदम पाळाव्या लागतात. त्यातली एक गळली की भरवसा संपला. पण कानोकानी येताना अटी वाटेत गळून पडतात आणि "पाजतेस ना, मग निश्चिंत राहा" एवढंच पोचतं. जगात किती तरी धाकटी भावंडं या अर्धवट वाक्यातून जन्माला आली असतील. पुढे त्यांचे वडील कुठल्या तरी खोलीत बसून सांगत असतील, आम्ही ठरवूनच केलं.

मला कांगारू मादीचा हेवा वाटतो. तिचं एक पिल्लू बाहेर उड्या मारत असतं, दुसरं पिशवीत लुचत असतं आणि तिसरं पोटात गर्भरूपात चक्क थांबवून ठेवलेलं असतं. पिशवी रिकामी होईपर्यंत त्याची वाढच होत नाही. शिवाय बाहेरच्याला आणि आतल्याला वेगवेगळं दूध, एकाच वेळी, वेगवेगळ्या सडांतून. याला म्हणतात नियोजन. आणि ओरांगउटान मादी तर दोन पिल्लांत सात-आठ वर्षं जाऊ देते. इतकं लांब अंतर सस्तन प्राण्यांत फार थोड्यांचं असतं. सात वर्षं एका पिल्लाला घेऊन झाडावर राहायचं आणि खालून कुणी विचारत नाही, "मग दुसऱ्याचं काय?" जंगलतोडीचा त्रास आहे त्यांना, मान्य. पण हा नाही.

माणसांच्या मादीला मात्र प्रत्येक जण आपापला आकडा देतो. लवकर आटपा म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे: "जागरणाची सवय आहे तोवरच दुसरं उरकून घ्या." म्हणजे एक पाय मोडलाच आहे, तर प्लास्टर ओलं असतानाच दुसराही मोडून घ्या. दुसरा पंथ पाच वर्षांवाल्यांचा. मोठं मूल धाकट्याला सांभाळतं म्हणे. मोठ्याला कुणी विचारलंय? त्याला भावंड सांगितलं होतं, नोकरी नव्हे. शिवाय पाच वर्षांच्या पुढे गेलं की गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका पुन्हा चढतो. तिसऱ्या पंथाला मुलांमध्ये मैत्री हवी असते आणि ती म्हणे अंतर कमी असलं की होते. माझ्यात आणि माझ्या भावात दीड वर्षाचं अंतर. खिडकीच्या जागेवरून आमचं जे चालू झालं ते आता आईच्या औषधांवरून चालू आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी काकांना कळता कामा नये. घरी येऊन मी रागानं वाचत बसले. २०१८ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या जवळजवळ दीड लाख गर्भारपणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांतलं सगळ्यात बरं अंतर १२ ते १८ महिने निघालं. त्याहून फार लवकर दिवस राहिले तर तरुण आयांच्या बाबतीत बाळाला धोका जास्त दिसला, आणि पस्तिशीपुढच्यांच्या बाबतीत बाळाबरोबर आईलाही. पस्तिशीपुढच्यांनाच सगळे "वेळ नाही, लवकर करा" म्हणत असतात, हे आणखी वेगळं. तर १२ ते १८ मध्ये नऊ मिळवा. २१ ते २७. पावणेदोन ते सव्वादोन वर्षं. बरोब्बर मध्यावर काय येतं? दोन. काकांचे दोन! टोपड्यांवरून काढलेले! मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की लेक जागी झाली.

पण खरी चीड आकड्याची नाहीच. "अंतर किती ठेवणार?" या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं की ते ठेवता येतं. आम्हाला पहिलीचीच किती वाट बघावी लागली, किती सुया, किती रिपोर्ट, हे काकांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं अगदी आखून अंतर ठरवलं होतं. मग दोनदा गर्भ राहिला आणि दोन्हीदा गेला. तिला अजूनही लोक म्हणतात, "बराच उशीर केलात हं तुम्ही." केलात! ती कसनुसं हसते. तेच हसू. हे हसणं बघून लोकांना वाटतं, अजून ठरत नाहीये, जरा आणखी समजावू.

आणि या सगळ्या हिशेबांत कपडे येतात, पाळणा येतो, शाळा येते, आजीचे गुडघेसुद्धा येतात. बाई येत नाही. तिचं रक्त किती उरलंय, पाठ कशी आहे, एखादी रात्र सलग झोप झालीय का, याला महिनेच लागत नाहीत असं धरलेलं असतं. त्या जिनिव्हाच्या बैठकीनं निदान तिच्याकडे बघून चोवीस महिने दिले. फुकट दिले. तेही काकांना ऑक्टोबर येतो म्हणून नको होते.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "पण कपड्यांचं लॉजिक चूक नाहीये." मग माझं तोंड बघून म्हणाला, "अगं, मी या विषयावर एक शीट केलंय." मला हे नवीन होतं. त्यानं फोनवर उघडून दाखवलं. हिरवे, पिवळे, तांबडे रकाने. पगारवाढ, घराचं कर्ज, शाळेच्या फिया, त्याची बदली, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची वयं. खाली एक सूत्र, आणि सूत्राखाली ठळक अक्षरांत उत्तर: २.७५.

पावणेतीन. ऑक्टोबर. नवरा आणि जिनिव्हा एका बाजूला, काका एका बाजूला, आणि या माणसानं मला न विचारता हे केलंय हे माझ्या दोन मिनिटं उशिरा लक्षात आलं. मी फोन हातातून घेतला आणि शेवटी एक रकाना वाढवला. त्यात लिहिलं, "तिची झोप."

नवऱ्यानं तो वाचला, मान हलवली, आणि अगदी मनापासून, मदत करण्याच्या सुरात विचारलं, "हे युनिट काय धरू? तास की महिने?"

"वर्षं धर," मी म्हटलं. "आणि मागची थकबाकी वेगळी दाखव."